प्रोग रॉक कुठून ऐकायला लागावं? माझे अल्बम, माझ्या क्रमाने

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना होस्टेलवरच्या एका सीनियरने हार्ड डिस्क हातात ठेवली. तिच्यात ‘प्रोग’, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, नावाचं फोल्डर होतं आणि त्यात पाऊणएकशे बँड, एकेकाचे झाडून सगळे अल्बम. सुरुवात कुठून करायची हे सांगायला तो काही थांबला नाही. मी आपलं चित्र बघून येस या बँडचं ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ लावलं. चार गाणी, मिळून ऐंशी मिनिटांच्या वर. दुसऱ्या गाण्यात मला झोप लागली आणि पुढचं दीड वर्ष मी त्या फोल्डरकडे फिरकलो नाही.

अल्बम वाईट नव्हता, मी चुकीच्या दाराने आत शिरलो होतो. प्रोगच्या बहुतेक याद्या थोरवीनुसार नाहीतर सालानुसार लावलेल्या असतात आणि नवख्या कानाला दोन्हींचा उपयोग नसतो. त्याला कानाच्या सवयीप्रमाणे लावलेला क्रम लागतो. खालचा क्रम माझा आहे, माझ्या आवडीनिवडीसकट. जाणकार भांडतील, भांडू द्या.

प्रोग म्हणजे काय, हे दोन वाक्यांत. 1969 च्या सुमाराला इंग्लंडमधल्या काही रॉकवाल्या पोरांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटायला लागलं आणि त्यांनी चर्चचं संगीत, पाश्चात्त्य शास्त्रीय, जॅझ, लोकगीतं असं हाताला लागेल ते रॉकमध्ये ओतलं. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात, म्हणून यातली मोठी गाणी अठरा ते तेवीस मिनिटांच्या आसपास येऊन थांबतात. तबकडी संपली की गाणं संपलं.

1. आधी सामान जमवा

फार काही लागत नाही:

- कानावर नीट बसणारे हेडफोन. महागडे नकोत, पण फोनचा स्पीकर अजिबात नको. या संगीतात बास गिटार अर्धं गाणं सांगत असते आणि फोनवर ती ऐकूच येत नाही.
- सलग पंचेचाळीस मिनिटं. एसटीत ऐकू नका, इंजिनाच्या घरघरीत हळुवार भाग बुडून जातात. रेल्वेत खिडकीची जागा मिळाली तर चालेल.
- शब्द समोर ठेवायचे असतील तर दुसऱ्या वेळेला. पहिल्यांदा वाचत बसलात तर कान झोपतो.
- वही, हौस असेल तर. मी तारीख आणि एक ओळ लिहायचो. किंग क्रिमसन या बँडच्या पहिल्या अल्बमपुढे ‘डोकं दुखलं’ एवढंच लिहिलेलं आहे.

2. प्लेअरची सेटिंग तपासा (हे वगळू नका)

दीड वर्षाने मी परत वळलो ते पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’मुळे. महिनाभर ऐकलं, आवडलं, मित्रांना सांगत सुटलो. मग एका मित्राच्या घरी त्याच्या सीडीवर ऐकलं आणि मी चाटच पडलो. माझ्या फोनमध्ये गाणी इंग्रजी वर्णानुक्रमाने वाजत होती! म्हणजे ‘हॅव अ सिगार’ पहिलं, मग ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’चे दोन्ही तुकडे पाठोपाठ. खरं तर हे दोन तुकडे अल्बमच्या दोन टोकांना असतात, एक उघडतो आणि एक मिटतो. ‘हॅव अ सिगार’ संपताना आवाज एकदम लहान होऊन रेडिओतून आल्यासारखा होतो, कुणीतरी स्टेशनं बदलतं आणि त्याच रेडिओतून ‘विश यू वेअर हिअर’ची गिटार सुरू होते. माझ्याकडे तो रेडिओ महिनाभर भलत्याच गाण्याच्या दारात उघडत होता.

तेव्हा: शफल बंद. एका गाण्यात दुसरं मिसळणारं क्रॉसफेड शून्यावर. दोन गाण्यांत फट न ठेवणारी गॅपलेस सोय चालू. आणि गाण्यांची संख्या मोजा. ‘विश यू वेअर हिअर’मध्ये पाच, येसच्या ‘क्लोज टू द एज’मध्ये तीन, किंग क्रिमसनच्या ‘रेड’मध्ये पाच. जास्त दिसली तर ती डिलक्स आवृत्ती आहे. मूळ अल्बम संपल्यावर जोडलेले डेमो आणि मैफिलीतले तुकडे पहिल्या वेळी ऐकू नयेत, शेवटचा सूर विरून जातो न जातो तोच कुणीतरी ‘वन, टू’ म्हणत आत येतं.

3. पहिला अल्बम: ‘विश यू वेअर हिअर’ (1975)

‘द डार्क साइड ऑफ द मून’ (1973) आधी का नाही? कारण तो तुम्ही तुकड्या-तुकड्यांत आधीच ऐकलेला असतो, निदान टी-शर्टवर पाहिलेला असतो. ‘विश यू वेअर हिअर’ थांबायला शिकवतो. पहिल्या गाण्यात आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ कुणी गातच नाही. साधारण चौथ्या मिनिटाला डेव्हिड गिलमोरची गिटार चार सूर टाकते, फक्त चार, आणि मग सगळा बँड त्या चार सुरांभोवती गोळा होतो. आमच्याकडे हे लागलं की आई स्वयंपाकघरातून विचारायची, “अरे, गाणारा आलाच नाही का अजून?” तिला मी विलंबित ख्यालाचा दाखला द्यायला गेलो. ती म्हणाली, “त्यात निदान आ तरी लावतात.”

गाणं आहे सिड बॅरेटवर, ज्याने हा बँड उभा केला आणि मानसिक आजारामुळे ज्याला 1968 मध्ये बँडबाहेर व्हावं लागलं. 1975 च्या जूनमध्ये याच अल्बमचं काम चालू असताना तो लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत अचानक येऊन उभा राहिला, वजन वाढलेलं, डोकं-भुवया भादरलेल्या. जुन्या दोस्तांनी त्याला आधी ओळखलंच नाही. हे माहीत झाल्यावर शेवटचं गाणं पुन्हा ऐका.

तीनदा ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

4. मात्रा मोजायला शिका

प्रोगमध्ये नवखा माणूस अडखळतो तो तालाशी. पाय ठेका धरतो आणि दर आवर्तनाला चुकतो. मराठी घरात वाढलेल्यांना खरं तर हे सोपं जायला हवं, आपण सात आणि दहा मात्रांत भजनं ऐकलेली असतात.

‘डार्क साइड’मधलं ‘मनी’ लावा. सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र अशा आवाजांची टेपची माळ आहे. त्यात सात आवाज आहेत, दर मात्रेला एक. त्यांच्यावर रूपक तालाचे बोल म्हणा: ती ती ना, धी ना, धी ना. बसतात. पुढे सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण गिटार आली की बँड गुपचूप चारात उतरतो आणि ती गेली की परत सातात. हा सांधा एकदा पकडलात की मजा येते. आमच्या सोसायटीत तबला शिकवणाऱ्या काकांना ऐकवलं तर म्हणाले, “रूपकच की. पण खाली-भरी नाही, नुसतं मोजतायत.” तेही खरं.

आता खरी गंमत. कॅनडाच्या रश या तिघांच्या बँडचा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ (1981) घ्या, तिसरं गाणं, ‘वाय वाय झेड’. हा टोरोंटो विमानतळाचा कोड. गाण्याच्या सुरुवातीला घंटीसारख्या आवाजात जी लय वाजते ती म्हणजे ही तीन अक्षरं मोर्स संकेतांत आहेत. वाय म्हणजे डॅश, डॉट, डॅश, डॅश. झेड म्हणजे डॅश, डॅश, डॉट, डॉट. डॅश लांब, डॉट आखूड. म्हणजे आपले गुरू आणि लघू. लिहून बघा:

गालगागा गालगागा गागालल

पहिले दोन गण मराठी गझल वाचणाऱ्या कुणालाही पाठ असतात, देवप्रिया हे वृत्त याच गालगागाने सुरू होतं. मात्रा मोजा: सात, सात आणि सहा, वीस. दोन-दोनच्या जोड्या केल्या की दहा. झपतालाइतकंच आवर्तन, विभाग मात्र वेगळे. मला हे कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी होस्टेलच्या भिंतीवर बोटांनी गालगागा वाजवत होतो. पलीकडच्या खोलीतून शिवी आली.

मोजणं जमलं की सोडून द्या. जन्मभर बोटं मोडत ऐकणारेही असतात, त्यांच्यात जाऊ नका.

5. मध्ये एक विसावा: ‘द स्नो गूस’ (1975)

कॅमल हा बँड फार वरच्या फळीत मोजत नाहीत, मला मात्र त्यांच्याइतका मऊ आवाज कुणाचा वाटत नाही. हा सगळा अल्बम शब्दाविना आहे, एका लघुकादंबरीवर बेतलेला. बासरी, गिटार, ऑर्गन. पावसाळ्यात दुपारी लावा.

6. आता मोठा डोंगर: ‘क्लोज टू द एज’ (1972)

येसचा, आणि माझा सगळ्यांत आवडता. यासाठीच वरच्या पायऱ्या.

तीन गाणी, त्यातलं पहिलं अठरा मिनिटांच्या वर. सुरुवातीला पक्षी आणि पाणी, जवळजवळ मिनिटभर. मग एकदम सगळे एकाच वेळी वेगवेगळं बोलायला लागतात: गिटार एकीकडे, बास दुसरीकडे, ड्रम तिसरीकडे. इथे नव्वद टक्के लोक बंद करतात. करू नका. त्या गोंधळात मधूनच सगळे थांबतात आणि ‘आऽ’ असा एकच सूर लागतो, मग पुन्हा गोंधळ. तीन मिनिटांच्या आसपास स्टीव्ह हाऊची गिटार एक सरळ, गुणगुणता येईल अशी चाल धरते. पहिल्या दोन वेळा फक्त तेवढीच चाल लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हापुन्हा भेटते, कधी वेगात, कधी दुसऱ्या वाद्यावर. आपण रागात जशी पकड शोधतो तसं.

आठ-साडेआठ मिनिटांनी सगळं शांत होतं. थेंब पडल्यासारखे सूर, वर गायक जॉन अँडरसनचा बारीक आवाज. हा भाग चढत जातो आणि बाराव्या मिनिटाला रिक वेकमन चर्चचा खराखुरा पाइप ऑर्गन वाजवतो. तो लंडनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केलेला आहे. हेडफोनची शिफारस मी मुख्यतः या एका मिनिटासाठी केली होती.

शब्दांचा अर्थ लावत बसू नका. हरमान हेसेच्या ‘सिद्धार्थ’ कादंबरीतली नदी डोक्यात ठेवून लिहिलंय म्हणतात, पण अँडरसन शब्द नादासाठी निवडतो. अभंग समजून घ्यायचा असतो, हे तसं नाही.

अल्बम झाल्या झाल्या ड्रमर बिल ब्रूफर्ड बँड सोडून किंग क्रिमसनमध्ये गेला. आठव्या पायरीवर तो पुन्हा भेटेल.

7. जेनेसिस, पण कुठला जेनेसिस ते बघा

इथे मोठा सापळा आहे. जेनेसिस म्हणून शोधलं की बहुधा 1986 चा ‘इन्व्हिजिबल टच’ समोर येतो, फिल कॉलिन्सचा पॉप. तो वाईट नाही पण तो हा बँड नव्हे, नाव तेवढं तेच. तुम्हाला हवाय पीटर गॅब्रिएल गायक असतानाचा, म्हणजे 1975 पर्यंतचा. येसचंही तेच: 1983 चा ‘90125’ उचललात तर तुम्ही वेगळ्याच गावात उतरलात. साल बघून घ्या.

घ्यायचा तो ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (1973). ‘फर्थ ऑफ फिफ्थ’मध्ये टोनी बँक्सचा पियानो सुरुवात करतो, मध्ये गॅब्रिएल बासरीवर एक साधी उदास चाल वाजवतो आणि ती संपून जाते. काही मिनिटांनी स्टीव्ह हॅकेट तीच चाल गिटारवर घेतो, इतकी ताणून की एकेका सुराला श्वास रोखला जातो. प्रोगमधला एकच गिटार-सोलो सांगा म्हणाल तर हा. ‘द सिनेमा शो’चा शेवटचा भाग पुन्हा सातात आहे, रूपकाचे बोल तयार ठेवा.

‘द बॅटल ऑफ एपिंग फॉरेस्ट’ पहिल्या वेळी वगळलंत तरी चालेल. पावणेबारा मिनिटांत इतके शब्द कोंबलेत की वाद्यांना जागाच उरली नाही.

गॅब्रिएल रंगमंचावर कोल्ह्याचं मुंडकं आणि लाल झगा घालून यायचा. जुन्या चित्रफिती मिळाल्या तर बघा, कोकणातला दशावतार बघितलेल्यांना परकं वाटणार नाही.

8. काळोखाची बाजू: किंग क्रिमसन

खरं तर सगळं सुरू झालं यांच्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ने, ऑक्टोबर 1969 मध्ये. पण याने सुरुवात केलीत तर पहिल्याच गाण्याच्या कर्कश सॅक्सोफोनने पळून जाल, म्हणून आठव्या पायरीवर.

यात मेलोट्रॉन ऐका. हे पेटीसारखं दिसणारं यंत्र. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा एकेक सूर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप सरकते, सूर येतो आणि साधारण आठ सेकंदांनी टेप संपते. मग बोट उचलायचं, स्प्रिंग टेप मागे ओढते. ‘एपिटाफ’मध्ये मागे जे धुक्यासारखं व्हायोलिन आहे ते हेच. त्याचा थोडासा कापरा, जरा बेसूर वाटणारा पोत टेपमुळेच आलाय.

सापळा: ‘मूनचाइल्ड’. पहिली अडीच मिनिटं सुंदर गाणं, मग जवळजवळ दहा मिनिटं टिकटिक आणि टुणटुण. तुमच्या हेडफोनमध्ये बिघाड झालेला नाही. ते तसंच आहे.

मग ‘रेड’ (1974). अल्बम बाजारात यायच्या आत गिटारवाल्या रॉबर्ट फ्रिपने बँडच मोडून टाकला होता. शेवटचं ‘स्टारलेस’ बारा मिनिटांचं. गाणं म्हणून झालं की बास तेराच्या हिशोबात फिरायला लागते, ब्रूफर्ड जपून कुठेतरी टकटक करतो आणि फ्रिप एकच सूर वाजवत राहतो. मिनिटं जातात, तो एकच सूर. मग अर्धा सूर वर सरकतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून खिडकी उघडली होती.

9. थट्टा कळायला लागली की: ‘थिक ॲज अ ब्रिक’ (1972)

जेथ्रो टलचा आधीचा अल्बम समीक्षकांनी ‘एकाच संकल्पनेवरचा’ ठरवला. टलचा गायक इयन अँडरसन चिडला. मग घ्या म्हणाला संकल्पना, आणि अख्खा अल्बम एकच गाणं केला, तबकडी उलटण्यापुरता मध्ये थांबा. वेष्टण म्हणजे बारा पानी गावठी वर्तमानपत्र. गाण्याचे शब्द एका शाळकरी मुलाची बक्षीसपात्र कविता असल्याची बतावणीही त्यात छापलेली. कित्येकांनी ती खरी मानली.

विडंबन आहे, पण संगीत अव्वल आहे. नवव्या पायरीवर अशासाठी, की ज्याची थट्टा चाललीय तेच ऐकलं नसेल तर हसू कशाला येईल?

10. आजच्या काळाकडे

पॉर्क्युपाइन ट्रीचा ‘इन ॲब्सेन्शिया’ (2002) किंवा ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’ (2007). हा बँड 2009 च्या डिसेंबरात पवईच्या आयआयटीत मूड इंडिगो महोत्सवाला वाजवून गेला आणि आमच्या पिढीतले कित्येक जण तिथूनच मागे, सत्तरच्या दशकात गेले. यांच्या स्टीव्हन विल्सननेच पुढे क्रिमसन, येस, टल यांच्या जुन्या अल्बमांची नवी मिक्सिंग केली. ती स्वच्छ आहेत, पण मूळ आधी ऐका.

आणि टूलचा ‘लॅटरॅलस’ (2001). याला प्रोग म्हणावं का यावर मारामाऱ्या होतात. मी म्हणतो. शीर्षकगीताच्या सुरुवातीला गायक एका दमात एक, मग एक, दोन, तीन, पाच, आठ अक्षरं गातो. फिबोनाचीची श्रेणी, दर आकडा म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज. लघू-गुरूंनी ठरावीक मात्रा किती प्रकारे भरता येतात, हे मोजताना आपल्या छंदशास्त्र्यांना तीच श्रेणी सापडली होती. हेमचंद्राने ती बाराव्या शतकात मांडली, फिबोनाचीच्या आधी.

11. रेकॉर्डच्या नादाला कधी लागावं

वरचे दहा झाल्यावर. जुन्या बाजारातून घेणार असाल तर तबकडी डोळ्यासमोर आडवी धरून वाकलीय का बघा आणि आतली तबकडी वेष्टणावरचीच आहे का ते लेबल वाचून खात्री करा. मला जेनेसिसच्या ‘फॉक्सट्रॉट’च्या वेष्टणात बॉलरूम नृत्याची रेकॉर्ड मिळाली होती, फॉक्सट्रॉट हा त्या नृत्याचाच एक प्रकार. तशी नावात फसवणूक नव्हती.

12. आणि आता ‘टोपोग्राफिक ओशन्स’

सगळं झाल्यावर मी त्या पहिल्या अल्बमकडे परत गेलो. जॉन अँडरसनला तो सुचला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून. तीत शास्त्रांचे चार प्रकार दिलेत: श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. त्याने प्रत्येकाला एलपीची एक बाजू दिली. आपल्याकडे हे वाचून लोक एकतर हात जोडतात नाहीतर हसतात. मी दोन्ही केलं.

पहिली बाजू आता मला फार आवडते. दुसरीला झोप येत नाही. तिसरी सुरू झाली की मात्र मी उठून चहा ठेवतो. आलं किसून, नीट उकळून, कपात गाळून परत येईपर्यंत बारा मिनिटं होतात आणि स्टीव्ह हाऊने नुकतीच साधी लाकडी गिटार हातात घेतलेली असते.